दहा-अकराचा पाना

रविवार, दिवाळीच्या आधीचा. सकाळी, चहानंतर. स्थळ: भामरे काकांचं पोर्च.

हजर: भामरे काका, त्यांची मोटारसायकल, मी, आणि गांगुर्डे सर (काम काही नाही, पण स्टूल रिकामं होतं). गैरहजर: विमलकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी. गैरहजेरी बरीच जुनी.

विषय: मोटारसायकलच्या साडी गार्डचा ढिला बोल्ट.

हे असं लिहायची मला सवय आहे. सातपूरजवळच्या आमच्या रो-हाउसच्या कॉलनीची मी सेक्रेटरी. कामांची यादी करायची, काम झालं की ओळीवर रेघ मारायची. ती रेघ मारताना जे समाधान मिळतं ते मला देवळातसुद्धा मिळत नाही. आणि या यादीत एक ओळ गेले कित्येक महिने ठाण मांडून बसली होती. ती खोडायची आणि मगच चकलीची भाजणी दळायला टाकायची, असं ठरवून मी त्या सकाळी पोर्चमध्ये शिरले. पण भामरे काका कोण, हे कळल्याशिवाय एका बोल्टला इतकं महत्त्व का, ते कळायचं नाही.

भामरे काका तुमचं बोलणं ऐकत नाहीत. ते तुमच्या खुर्चीचा आवाज ऐकतात.

तुम्ही त्यांना मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्या, नाहीतर सासऱ्यांच्या ऑपरेशनचं सांगा, खुर्ची कुरकुरली की काकांची मान तिरकी होते, डोळे बारीक होतात, आणि ते स्वतःशीच म्हणतात, “कुठंतरी ढिलं शे.” काका मूळचे सटाण्याकडचे. आमच्याशी ते आमच्यासारखंच बोलतात, पण ढिली वस्तू दिसली की त्यांच्या तोंडून अहिराणी निघते. मग तुम्हाला उठावं लागतं. खुर्ची उलटी होते. तुमचे सासरे ऑपरेशन टेबलावर तसेच राहतात.

माझ्या भाचीच्या लग्नात काका पाकीट घेऊन स्टेजवर चढले. नवरानवरी त्या महाराजा सोफ्यावर बसलेले. नवरदेव जरासा सरकला आणि सोफा कुरकुरला. काका तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसले. नवरदेवाला वाटलं, हे वडीलधारे गृहस्थ आपल्याच पाया पडताहेत. तो घाबरून उठला आणि काकांच्या पाया पडायला वाकला. तोवर काका सोफ्याखाली गेले होते. मागे रांग खोळंबली. सोफ्याखालून आवाज आला, “जावईबापू, जरा उभेच राहा. स्क्रूला वायसरच नाही टाकलेला.” भाचीच्या अल्बममध्ये तो फोटो आहे. नवरी हसतेय, नवरदेव वाकलाय, आणि दोघांच्या मध्ये सोफ्याखालून काकांचे बूट बाहेर आलेत.

एसटीत ते खिडकीपाशी बसतात आणि सटाण्यापर्यंत खिडकीच्या चौकटीचे स्क्रू आवळत जातात. एका कंडक्टरने हटकलं, “ओ काका, गाडी खोलताय का काय?” काका शांतपणे म्हणाले, “खोलत नाही बाळा, बंद करतोय. तू तिकिटं फाड.” उतरताना त्या कंडक्टरनेच आपली तिकिटाची पेटी पुढे केली. तिची कडी ढिली होती.

आमच्या वार्षिक सभेत एकदा पाण्यावरून भांडण पेटलं. जो तो टेबलावर मूठ आपटून बोलत होता. काका खाली वाकले, टेबलाच्या पायाशी काहीतरी केलं आणि वर आले. त्यानंतर टेबल हलेना. मूठ आपटली तरी नुसता ठप्प असा आवाज यायचा. भांडणातली मजाच गेली आणि सभा वेळेआधी संपली. इतिवृत्तात मी काकांचे आभार मानले आहेत.

सातपूरच्या एका कारखान्यात काकांची सगळी नोकरी गेली. तयार झालेला माल बाहेर पडण्यापूर्वी त्याचा प्रत्येक नट तपासायचा, हे काम. रिटायर झाल्यावर उरलेलं जग तपासायला घेतलं, एवढंच. “कसायला ताकद लागत नाही, ताई,” ते मला सांगतात. “थांबायला लागते. एक फेरा जास्त दिला की आटे गेले. मग तो बोल्ट जन्मभर नुसता फिरतो.” माणसांनाही ते हाच हिशोब लावतात. समोरच्या गल्लीतल्या एका बाईंनी मुलाच्या अभ्यासासाठी घरातला टीव्ही बंद केला, मग मोबाइल काढून घेतला, मग खेळायला जाणं थांबवलं. काका म्हणाले, “फार कसलं बाईंनी. आता पोरगं नुसतं फिरणार.” पोरगं नापास झालं आणि खरंच फिरत बसलं.

काकांच्या पोर्चमध्ये गाडी ठेवायची जागा आहे, पण तिथे वर्कशॉप आहे. एक लाकडी टेबल, त्यावर शिकंजा, ग्रीसचे डबे, नटबोल्टांच्या बरण्या. लोणच्याच्या बरण्या घरात कमी पडायला लागल्या तेव्हा विमलकाकूंनी भांडण काढलं होतं, ते कॉलनीभर ऐकू आलं. भिंतीवर प्लायवूडचा मोठा फळा. त्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली त्या त्या हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली. पक्कड काढली की मागे पक्कडीची पांढरी सावली उरते. काय गेलंय ते लांबून कळतं. माझ्या स्वयंपाकघरातही मी असंच करणार होते, पण घरच्यांनी हसून हसून ते होऊ दिलं नाही.

आणि या फळ्याचा एक कायदा आहे. हत्यार उसनं न्यायचं तर पायातली एक चप्पल काढून त्याच्या खिळ्याला अडकवायची. हत्यार परत आलं की चप्पल परत. वही नाही, सही नाही. “सही करून माणूस विसरतो,” काका म्हणतात. “एका चपलेनं कुठवर जाईल? फिरून इथंच येतं.”

गांगुर्डे सर आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक. त्यांनी एकदा पक्कड नेली आणि हट्टाने दोन दिवस परत केली नाही. नियम मोडून दाखवायचा होता. दोन्ही दिवस ते दूध आणायला एका पायात चप्पल आणि एका पायात बायकोची स्लीपर घालून गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनेच पक्कड आणून दिली.

तर असा हा माणूस. आणि याच माणसाची मोटारसायकल कॉलनीत शिरली की सगळ्यांना कळतं, कारण ती वाजते.

जुनी, काळी, राखाडी सीटची गाडी. इंजिन अजून शिवणयंत्रासारखं चालतं. पण मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला जी जाळी असते, बाईमाणूस एका बाजूला पाय टाकून बसली की साडी चाकात जाऊ नये म्हणून, ते साडी गार्ड खडखडतं. त्याचा खालचा बोल्ट ढिला. वळणावर एकदा वाजतं. खड्ड्यात वाजतं. स्पीडब्रेकरवर तर दोनदा, टक टक. दुपारी झोपलेल्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडे तक्रारी केल्या. मी काकांना सांगितलं. जगभरातलं ढिलं ज्याला ऐकू येतं त्या माणसाने मला सांगितलं, “हो का? बघतो.”

पुढच्या महिन्यात म्हणाले, माल मिळत नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात, आटे तपासावे लागतील. मग, पावसाळा जाऊ द्या. शेवटी म्हणाले, दहा-अकराचा पाना बाहेर गेलाय. एका टोकाला दहाचा नट बसतो, दुसऱ्या टोकाला अकराचा, असा तो साधा पाना. “कोणी नेलाय?” मी विचारलं. “येईल,” काका म्हणाले.

गाडी वाजण्यापेक्षाही विचित्र म्हणजे ती थांबायची. काका चालवता चालवता मध्येच ब्रेक मारतात. मागचे लोक शिव्या देतात. काका गाडी बाजूला घेतात, इकडेतिकडे बघतात, आणि समोर जे काही असेल ते विकत घेतात. त्यामुळे काकांकडून आम्हाला काय काय येतं! एकट्या माणसाच्या घरून पिशवीभर दोडके. मेथीच्या जुड्या. एकदा तर झाडू. “काका, इतके दोडके कशाला घेतलेत?” “थांबलो होतो,” ते म्हणतात. “मग घेतले.”

एकदा माझी स्कूटर बंद पडली होती आणि मला पंचवटीच्या भाजीबाजारात जायचं होतं. काका तिकडेच निघाले होते, मी मागे बसले. पंजाबी ड्रेस होता तरी गाडीवर एका बाजूनेच बसले, पाय त्या जाळीच्या खालच्या पट्टीवर ठेवून. पुलापलीकडे एक मोठा खड्डा आला. टक टक. काकांनी गाडी थांबवली. समोर केस कापायचं दुकान. काकांनी मान मागे न वळवता विचारलं, “हां, बोल. काय घ्यायचंय?”

भामरे काका मला गेली कित्येक वर्षं ताई आणि तुम्ही म्हणतात. मी म्हटलं, “काका, मला काही नकोय.” मग त्यांनी मागे पाहिलं. त्यांचा चेहरा गोंधळला. “ऊन फार झालंय,” म्हणाले आणि गाडी सुरू केली. मीही उन्हालाच दोष दिला. घरी गेल्यावर त्यांना कोकम सरबताची बाटली पाठवली.

आता विमलकाकू. विमलकाकू पुण्याला असतात, मुलाकडे. सुनेचं बाळंतपण आलं तेव्हा गेल्या. बाळाचे कान टोचले की येते म्हणाल्या. मग दात येऊ देत, मग पाऊल टाकू दे. ती नात आता बालवाडीत जाते, आणि मागे दोन छोटी चाकं लावलेली सायकल चालवते. मुलगा वाईट नाही, सून वाईट नाही. दोघं नोकरीला जातात, पोर आजीशिवाय जेवत नाही. यात कोणाला दोष द्यायचा? मी देऊन पाहिला, बसला नाही.

मुलगा काकांनाही बोलावतो. एकदा काका गेले होते, मोठी बॅग घेऊन. आठवडा व्हायच्या आत परत. मी विचारलं, काय झालं? ते हातातलं फडकं चुरगाळत राहिले. मग म्हणाले, “नवी बिल्डिंग आहे, ताई. तिथं काही ढिलंच नाही.”

या दिवाळीला मात्र काकू येणार होत्या. नक्की. वसुबारसेला येऊन भाऊबीज करूनच परतणार. काकांनी हे मला सांगितलं, गांगुर्डे सरांना सांगितलं, दूधवाल्याला सांगून दूध वाढवलं. आकाशकंदिलाची वायर नव्याने ओढली. म्हणून तर मी त्या रविवारी गेले. घरची बाई इतक्या दिवसांनी येणार आणि साडी गार्ड खडखडतंय, म्हणजे शेजाऱ्यांनी काय लक्ष दिलं? बहाण्यांना जागा राहू नये म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातून नवाकोरा दहा-अकराचा पाना घेऊनच गेले होते.

काका गाडी पुसत होते. टाकी, हँडल, चाकाची एकेक तार. मी पाना पुढे केला.

“घ्या काका. आता काय सांगाल?”

काकांनी पाना हातात घेतला. वजन पाहिलं. उजेडाकडे धरला. “चांगला आहे,” म्हणाले आणि टेबलावर ठेवून पुन्हा पुसायला लागले.

“सेक्रेटरीबाई,” स्टुलावरून गांगुर्डे सर म्हणाले, “भामरे दुसऱ्यांचं कसतात. घरचं कसायला यांना मुहूर्त लागतो. लक्ष्मीपूजनाला गुलाल लावून कसतील.”

“मास्तर, तुमच्या स्टुलाचा एक पाय ढिला शे,” काका न बघता म्हणाले. सर चटकन उठून उभे राहिले. ढिला नव्हता.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. काकांचे हात ग्रीसचे, म्हणून ते कोपराने बटण दाबतात आणि फोन मोठ्या आवाजावर लावतात. सगळ्या कॉलनीला त्यांचे फोन ऐकायची सवय आहे.

“कशी शे तू?” काकांनी विचारलं. काकूंशी बोलताना ते मध्येच सटाण्याला पोचतात.

“बरी आहे. जेवलात का?” काकूंची भाषा मात्र पुण्यात राहून बदलली आहे. मागे नातीचा आवाज येत होता. काकू एका दमात बोलल्या. सुनेला कंपनीनं नेमकं दिवाळीतच बाहेर पाठवलंय. मुलाला सुट्टी दोनच दिवस. पोरीला कोणाकडे ठेवणार? “मीच म्हटलं, राहते. आता संक्रांतीला बघू. तुम्हीच या ना इकडे.”

“हां,” काका म्हणाले.

“रागावलात?”

“नाही. इथं मला कामं आहेत. कंदील लावायचाय.” फडकं टाकीवर एकाच जागी फिरत होतं. “मग कवय येशी?”

ते कधी येशील, एवढं मलाही कळलं. काकू म्हणाल्या, “सांगितलं ना, संक्रांतीला. आणि हो, गाडी फार वाजते म्हणे तुमची. शुभाताईंनी सांगितलं मला. कसून का घेत नाही?”

शुभाताई म्हणजे मीच. मी दुसरीकडे बघायला लागले.

“पाना नाही,” काका म्हणाले.

पलीकडे काकू हसल्या. “अहो, तो माझ्याकडेच आहे. पाळण्याला आणला होता ना? बरं, येताना घेऊन येते.” मग नातीने फोन ओढून घेतला आणि आजोबांना एक गाणं म्हणून दाखवलं. काका शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

फोन बंद झाला. अशा वेळी मला काहीतरी काम हातात लागतं. मी पाना उचलला, गाडीपाशी बसले आणि म्हटलं, “चला काका. निदान हा बोल्ट तरी होऊन जाऊ दे.” पाना बोल्टवर बसवलासुद्धा.

काकांनी खाली बसून माझ्या मनगटाजवळ पाना धरला. जोराने नाही. “राहू द्या, ताई.”

“अहो पण का?”

ते तसेच जमिनीवर बसले. म्हणाले, “ती मागं बसली की तिचं काही ऐकू यायचं नाही मला. हेल्मेट, वारा. म्हणून ती टाच मारायची या जाळीला. एकदा मारली की हळू चला. दोनदा मारली की थांबा, काहीतरी घ्यायचंय. मारतच राहिली की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.” ते हसले. “सटाण्याच्या रस्त्याला तर कधी कधी सगळी वाट मारतच यायची. दर रविवारी हाच बोल्ट ढिला. दर रविवारी मी कसायचो, आणि ती दारात उभी राहून म्हणायची, इतकं कसून काय उपयोग, मी आहे ना ढिला करायला.”

गांगुर्डे सर स्टूल पुढे ओढून बसले.

“पुण्याच्या गाडीला सोडायला गेलो तेव्हा टाच मारत होती. उशीर झाला होता, मी जोरात चालवत होतो. तेव्हाचा आहे हा ढिला.” काकांनी बोटाने बोल्ट हलवला. जाळी हलकेच वाजली. “हा मी कसला, ताई, तर पुन्हा ढिला कोण करणार?”

मी पाना काढून घेतला आणि उठले. तो कुठेतरी ठेवावा म्हणून फळ्याकडे वळले, आणि इतक्या वेळा पाहिलेली एक गोष्ट मला दिसली. खालच्या ओळीत दहा-अकराच्या पान्याची पांढरी आकृती रिकामी होती. तिच्या खिळ्याला एक चप्पल अडकवलेली होती. मी इतके दिवस ती अशीच कोणाची तरी समजत आले होते. ती बाईची होती, डाव्या पायाची, अंगठ्यापाशी झिजलेली. इतकी जुनी, पण तिच्यावर धूळ नव्हती.

“कायदा तिलाही लागू,” काका मागून म्हणाले. “जाताना स्वतःच अडकवून गेली. एका चपलेनं कुठवर जाईल?”

मी माझा नवा पाना फळ्यावर लावला नाही. त्याला तिथे आकृती नव्हती. पिशवीत टाकला आणि घरी आणला. दुपारी भाजणी दळायला दिली. संध्याकाळी काका कुठेतरी जाऊन आले. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर गाडी वाजली, टक टक, आणि थांबली. थोड्या वेळाने माझ्या दारात मेथीच्या चार जुड्या आल्या.

त्या महिन्याच्या यादीतल्या बाकी सगळ्या ओळींवर रेघ मारून झाली आहे. एक ओळ पुढच्या महिन्यात ढकलली आहे:

साडी गार्डचा बोल्ट कसणे. बाकी. पाना बाहेर गेला आहे.